आबांच्या कार्डाच्या अठरा खाचा

वयाच्या बावन्नाव्या वर्षी आमचे आबा सरकारी कागदपत्रांनुसार तीन वेळा बाळंत झालेले होते. त्याखेरीज त्यांना दोनदा गोवर येऊन गेला होता, एकदा डांग्या खोकला झाला होता आणि नाकात चिंचोका अडकला होता. हे सगळं ज्या कार्डावर होतं ते कार्ड माझ्या हातचं. अक्षर असं मोत्यासारखं, की कुणाला म्हणून नाकारायला जागा नाही!

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. आमचं गाव यवतच्या फाट्यावरून आत तीन मैल. गावात सरकारी दवाखाना होता आणि त्याची गावाला भारी ऐट. आबा म्हणजे माझे वडील. दौंडच्या बाजूला एका साखर कारखान्यात ते गेटावर वॉचमन होते, पण बदली वॉचमन. दुसरा कुणी रजेवर गेला की ह्यांना बोलावणं यायचं. अशी नऊ वर्षं काढली माणसानं. रोज खाकी सदरा घालून, पट्टा आवळून तयार बसायचे आणि बोलावणं आलं नाही की तोच सदरा काढून शेळीला पाला आणायला जायचे.

मी शिरूरला मावशीकडं राहून मॅट्रिक झालेली. काठावर का होईना, पण झालेली. आमच्या बुद्धविहाराकडच्या आळीत मॅट्रिक झालेली पहिली मुलगी मी, त्यामुळं माझं नाक जरा वरच असायचं. (आई म्हणायची, "खाली बघून चाल, शेण हाय.") अशात पुण्याहून एका मोठ्या कॉलेजातले एक डॉक्टर आमच्या दवाखान्यात कार्डांची योजना घेऊन आले. त्यांना सुवाच्य अक्षराचं माणूस हवं होतं. कंपाउंडर नानांनी माझं नाव सुचवलं आणि मी सहा महिन्यांसाठी सरकारी टेबलाला बसले.

आता ती कार्डं कशी, ते सांगते. वीतभर लांबीचं, जाड पुठ्ठ्याचं कार्ड. त्याच्या चारी कडांना ओळीनं भोकं. प्रत्येक भोक एकेका आजाराचं. माणसाला तो आजार झाला असेल, तर एसटीच्या कंडक्टरकडं असतो तसल्या चिमट्यानं त्या भोकाची कड कापून खाच करायची. मग शंभर कार्डांचा गठ्ठा एकत्र धरायचा, एका भोकातून लांब सुई आरपार घालायची (सुई नर्सबाईंची, स्वेटर विणायची) आणि गठ्ठा उचलून हलवायचा. ज्यांना खाच आहे ती कार्डं आपोआप खाली पडतात, बाकीची सुईला लटकून राहतात. क्षयाच्या भोकात सुई घाला, गावातले क्षयाचे सगळे रोगी टेबलावर हजर!

पुण्याचे डॉक्टर सांगायचे, की पुढंमागं ही सगळी माहिती पुण्याच्या कॉम्प्युटर नावाच्या यंत्रात जाणार, आणि कुठल्या गावात कुणाला काय झालंय ते यंत्र बसल्या जागी सांगणार. नानांनी विचारलं, यंत्र औषध पण देणार का? डॉक्टर म्हणाले, नाही. मग नाना निर्धास्त झाले आणि परत लाल औषध ढवळू लागले.

मला हुकूम एकच होता. जुन्या केसपेपरवर जे असेल ते कार्डावर उतरवायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. हा हुकूम मला इतका आवडला, की विचारू नका.

इथं आमच्या घरच्या केसपेपरची कुळकथा सांगायला पाहिजे. दवाखान्यात नवीन केसपेपर काढायचा, तर सकाळपासून खिडकीशी रांग धरायची. जुना केसपेपर असला की सरळ आत. आता ज्या घरात एक जुना केसपेपर आहे, त्या घरानं दुसरा कशाला काढावा? आमच्याकडं आबांच्या नावाचा होता, कारण सगळ्यांत आधी त्यांनाच ताप आला होता. तो चुलीवरच्या फळीवर डब्याखाली ठेवलेला असायचा. घरात कुणालाही काही झालं, की तो घ्यायचा आणि दवाखाना गाठायचा. गर्दी इतकी, की डॉक्टर मान वर न करता विचारायचे, काय होतंय, आणि खाली लिहून मोकळे. नाव कोण बघतोय? शिवाय डॉक्टर दर वर्षी बदलायचे. एका कागदाला दुसरा टाचत टाचत बारा वर्षांत आबांचा केसपेपर पंचांगाएवढा जाड झाला होता.

तो माझ्या टेबलावर आला तेव्हा मला ठाऊक नव्हतं का, की ह्यात आबांचं जवळजवळ काहीच नाही? चांगलं ठाऊक होतं. पण कागदावर नाव आबांचं होतं आणि डोकं चालवायचं नाही असा हुकूम होता. आणि दुसरं म्हणजे (आज सांगायला हरकत नाही) आमच्या घरचं कार्ड गावात उठून दिसावं अशी माझी फार इच्छा होती. पाटलांच्या कार्डाला पाच खाचा होत्या. सरपंचांच्या कार्डाला सात. आबांच्या कार्डाला मी अठरा पाडल्या! घरी येऊन आईला सांगितलंसुद्धा, की सगळ्या गावात आपण पहिले. तिनं विचारलं, कशात? मी म्हटलं, खाचांत. ती भाकरी थापत राहिली.

त्याच आठवड्यात कारखान्यातून आबांना चिठ्ठी आली. गेटावरची एक जागा कायम भरायची होती आणि यादीत पहिलं नाव आबांचं होतं. शनिवारपर्यंत सरकारी दवाखान्याचा तंदुरुस्तीचा दाखला आणून द्यायचा. न दिला तर यादीतल्या दुसऱ्याला जागा. आबांनी ती चिठ्ठी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग आईला म्हणाले, "आता रोज सदरा घातला की काढायचा न्हाई." एवढंच म्हणाले, पण नऊ वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

गुरुवारी आबा दाखल्यासाठी दवाखान्यात आले आणि नेमकं त्याच दिवशी कार्डांचं प्रात्यक्षिक होतं. जिल्ह्याचे मोठे डॉक्टर जीपमधून आलेले, सरपंच फेटा बांधून पुढं बसलेले, आणि आमचे गावचे नवे डॉक्टर (पहिलीच नेमणूक, वय सव्वीस, घाम पुसून पुसून रुमालाचं पोतेरं झालेलं) कोपऱ्यात उभे. आबा दाराशी थांबले. मी टेबलाजवळ नवी साडी नेसून.

पुण्याच्या डॉक्टरांनी सुई उचलली आणि जाहीर केलं, की आता आपण गावातल्या गरोदरपणाच्या सगळ्या नोंदी क्षणात वेगळ्या काढू. सुई घातली, गठ्ठा हलवला, पंधरावीस कार्डं खाली पडली. त्यांनी वरचं उचललं आणि मोठ्यानं वाचलं, "सखाराम भागुजी. पुरुष. वय बावन्न. धंदा वॉचमन."

सरपंचांनी वळून आबांकडं पाहिलं. आबांनी खाली स्वतःच्या पोटाकडं पाहिलं.

चुकून पडलं असेल म्हणून डॉक्टरांनी घाईघाईनं दुसऱ्या भोकात सुई घातली. लहान मुलांचे आजार, डांग्या खोकला. सखाराम भागुजी पडले. गोवर. पडले. कुत्रा चावणे. पडले. पुण्याचे डॉक्टर हट्टाला पेटले होते. भोकामागून भोक बदलत होते आणि दर वेळी इतर कार्डं आलटून पालटून पडत होती, पण आबांचं मात्र न चुकता! शेवटी जिल्ह्याच्या डॉक्टरांनी चष्मा काढला आणि विचारलं, "हा मनुष्य हयात आहे का?"

दारातून आबा म्हणाले, "व्हय साहेब. हितंच हाय."

सगळा दवाखाना हसला. मीही हसले असते, पण सगळे हसताना माझ्याकडं बघत होते.

हसणं संपलं आणि खरं रडगाणं सुरू झालं. आबांनी दाखल्याचा कागद पुढं केला, तर नवे डॉक्टर पांढरेफटक पडले. त्यांनी आबांना तपासलं, छाती ठोकली, डोळे पाहिले, उठाबशा काढायला लावल्या. माणूस ठणठणीत होता. बाकीच्या खाचा त्यांना चालणार होत्या, गोवर येऊन गेलेला वॉचमन चोर धरू शकतो. पण एक खाच होती, "शुद्ध हरपून पडणे". ते म्हणाले, हे कार्ड पुण्याला जाणार, त्यावर ही नोंद, आणि दाखल्यावर माझी सही. उद्या हा माणूस गेटावर कोसळला तर मी काय उत्तर देऊ? आबा म्हणाले, ही माझी दुखणी न्हाईत साहेब, आख्ख्या घराची हायत. डॉक्टर म्हणाले, मग ज्याची त्याची ज्याला त्याला द्या, मी सही करतो.

पुण्याच्या डॉक्टरांना ही कल्पना एकदम पसंत पडली. शुक्रवारी सकाळी सगळ्यांना घेऊन या म्हणाले. प्रत्येकानं आपापला आजार ओळखायचा, अंगठा नाहीतर सही करायची, आणि मी (हो, मीच) नवी कार्डं करायची.

"रोग म्हंजी काय चुकलेली म्हैस हाय का, वळखून न्यायला," असं नाना म्हणाले. पण न्यायला आले खरे सगळे.

आधी आई. तिनं दोन बाळंतपणं घेतली आणि पुरावा म्हणून गौतम आणि लता, माझी धाकटी भावंडं, दोघांना बखोट धरून पुढं उभं केलं. गौतमनं डांग्या खोकला घेतला आणि कुत्रा चावलेली पोटरी न विचारता दाखवली. गोवर दोघा भावंडांनी एकेक वाटून घेतला. चिंचोका लतानं घेतला आणि तो कुठल्या नाकपुडीत होता ते बोट घालून दाखवलं. तिसरं बाळंतपण काही केल्या कुणाचं निघेना. आई दोनावर ठाम. शेवटी शेजारच्या गजराकाकूंना बोलावणं गेलं, तेव्हा कळलं, की त्यांचा केसपेपर उंदरांनी खाल्ला म्हणून त्या वर्षी त्यांनी आमचा नेला होता. त्यांच्यामागून त्यांचे यजमान नारायणमामा आले होते. हे प्रकरण त्यांना मुळीच आवडलेलं नव्हतं.

"पोरगं माझं हाय," ते डॉक्टरांना म्हणाले, "तेवढं सहीशिक्क्यानिशी लिवून द्या."

लिहून दिलं. मग "पोट फुगणे, तीन दिवस" अशी एक नोंद उरली. कुणीच पुढं येईना. नवे डॉक्टर एकेकाकडं बघतात, एकेक जण मान हलवतो. अखेर आई माझ्या कानात पुटपुटली, ती शेळी. मी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी नानांकडं पाहिलं, नानांनी छपराकडं. शेळीचं वेगळं कार्ड करायचं का, असं मी विचारलं. पुण्याच्या डॉक्टरांनी त्यावर खरोखर थोडा वेळ विचार केला.

अशी सतरा दुखणी मार्गी लागली. उरली ती एकच. शुद्ध हरपून पडणे.

डॉक्टरांनी विचारलं, ही कुणाची? आई लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत राहिली. गौतम काहीतरी बोलायला गेला, तर आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो गप्प झाला. गजराकाकूसुद्धा बोलल्या नाहीत, आणि गजराकाकूंनी न बोलणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे.

कारण ती कुणाची हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ती माझी होती. शिरूरला जाण्याआधी, नववीत असताना, वार्षिक परीक्षेच्या दिवशी मी शाळेत पडले होते. गुरुजींनी कांदा फोडून नाकाला लावला होता, बैलगाडीत घालून मला दवाखान्यात आणलं होतं आणि गौतम धावत जाऊन आबांचा केसपेपर घेऊन आला होता. आता मी वीस वर्षांची, लग्नाची. दौंडहून एक स्थळ पुढच्याच रविवारी बघायला येणार होतं. पोरीला चक्कर येते असं सरकारी कार्डावर चढलं, की दौंडचंच काय, कुठलंच स्थळ फिरकणार नव्हतं.

डॉक्टरांनी परत विचारलं. आबा पुढं झाले.

"ती ऱ्हाऊ द्या माझ्याच नावावर."

"आबा, मग मला सही करता येणार नाही."

"मग नका करू, साहेब."

ते असं म्हणाले, की जणू पानाला चुना नको म्हणताहेत. दाखल्याच्या कागदाची त्यांनी नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. आईनं डोळ्याला पदर लावला. मी हातातला चिमटा टेबलावर ठेवला, कारण त्या सगळ्यांना जे ठाऊक होतं त्यापेक्षा मला थोडं जास्त ठाऊक होतं.

"ती चक्कर माझी हाय," मी म्हटलं. "आन् ती खोटी हाय."

आबा गर्रकन वळले. मी सांगून टाकलं सगळं. त्या दिवशी गणिताचा पेपर होता. मला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. पहिला प्रश्न वाचला आणि डोळे मिटून बाकावरून घसरले. कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी उघडले नाहीत. शाळेनं दवाखान्याची चिठ्ठी बघून मला तसंच वरच्या वर्गात घातलं. त्यानंतर घरात शेळीचं दूध निघेल तेवढं एकट्या मला मिळायला लागलं. पोरगी अशक्त आहे म्हणून आबा स्वतः कोरा चहा प्यायचे. शिरूरला होते तेव्हा मावशीलासुद्धा त्यांनी निरोप धाडला होता, पोरीचं दूध चुकवू नको. पाच वर्षं प्याले मी ते दूध! आणि कार्डं करताना ती नोंद मी ओळखली होती. आबांच्या नावावर खाच पडली तेव्हा, देवाशपथ सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

मला वाटलं, आता आबांचं काम झालं. पण नवे डॉक्टर म्हणाले, "खोटी होती कशावरून?"

झालं! आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलले होते आणि डॉक्टर त्याला पुरावा मागत होते. ते म्हणाले, वडिलांसाठी मुलगी आता खोटं बोलत नसेल कशावरून? दोघंही एकमेकांसाठी नोंद ओढून घेताय, मी कार्डावर लिहू काय? बोलण्यात मुद्दा होता. शेवटी तोड काढली ती पुण्याच्या डॉक्टरांनी. गणितामुळं पडली ना, म्हणाले, मग आपण गणितच घालून पाहू.

दवाखान्याच्या मधोमध मला उभं केलं. पडलेच तर म्हणून मागं नर्सबाई. नवे डॉक्टर एका हातानं माझी नाडी धरून, दुसऱ्या हातात घड्याळ. समोर आईवडील, भावंडं, गजराकाकू, नारायणमामा, नाना आणि खिडकीतून निम्मा गाव. पुण्याच्या डॉक्टरांनी कोऱ्या कार्डावर गणित लिहून माझ्यापुढं धरलं. एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत रिकामा करतो, दोन्ही सोडले तर हौद किती वेळात भरेल?

मी वाचलं. परत वाचलं. कपाळाला घाम आला. सगळी माणसं श्वास रोखून बघत होती. पाच मिनिटं झाली. मी काही पडले नाही. गणितही आलं नाही.

"नाडी उत्तम," नवे डॉक्टर म्हणाले. "दोघंही तंदुरुस्त." आणि त्यांनी आबांच्या दाखल्यावर सही ठोकली.

आबांचं नवं कार्ड मीच केलं. साध्या तापाला भोक नव्हतंच, त्यामुळं एकही खाच नाही, सगळी भोकं शाबूत. माझ्या कार्डावर पुण्याच्या डॉक्टरांनी "इतर" हे भोक स्वतः कापलं आणि खाली बारीक अक्षरात "ढोंग" असं लिहिलं. नोकरीवरून काढतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, खोटी नोंद कशी होते ते हिच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार, राहू दे.

घरी जाताना आबा पुढं होते. मी मागून मान खाली घालून. ओढ्यात ते थांबले.

"आन् कांदा लावला, तवा बी न्हाई उठलीस?"

"न्हाई, आबा."

"लई सोशीक," असं म्हणाले आणि पुढं चालू लागले. पाठमोरे होते, पण त्यांचे खांदे हलत होते, ते हसण्यानं की कशानं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. शनिवारी ते कायम झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं दुधाचा पेला माझ्यापुढून उचलला आणि त्यांच्यापुढं ठेवला. मी बघतच राहिले, तर म्हणाली, "कायम झालेल्या माणसाला ताकद लागती. तू घे कोरा च्या."

ते दौंडचं स्थळ जमलं. पुढं वर्षभरानं मी माहेरी गेले होते. दिवस गेलेले, उन्हाळा, पोटात अन्न ठरत नव्हतं. दुपारी पानं वाढताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी स्वयंपाकघरात धाडकन पडले, अगदी खरीखुरी चक्कर येऊन. किती वेळ पडले होते कुणास ठाऊक. शुद्धीवर आले तेव्हा घरातली सगळी माणसं माझ्या दोन्ही अंगांना बसून शांतपणे जेवत होती, आणि आबा माझ्यावरून हात लांब करून गौतमकडं मीठ मागत होते.